‘घरी वाचून या’ म्हटलेला धडा

मुलामुलींनो, विज्ञानाच्या पुस्तकातला पचनसंस्थेचा धडा आठवतो ना? बाईंनी फळ्यावर केवढी मोठी आकृती काढली होती! जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं... सगळ्यांना नावं द्या म्हणाल्या. मग श्वसन झालं, रक्ताभिसरण झालं, मेंदू झाला. आणि मग आला प्रजननाचा धडा. तेव्हा काय झालं? बऱ्याच शाळांत असं होतं, की बाई किंवा सर भराभर पानं उलटतात आणि म्हणतात, ‘‘हा धडा सोपा आहे. घरी वाचून या.’’ मागच्या बाकांवर खसखस पिकते, पुढच्या बाकांवरच्या माना खाली जातात आणि दुसऱ्या दिवशी भलताच धडा सुरू होतो.

गंमत बघा. शाळा म्हणते, घरी वाचा. घरी विचारलं, तर आई म्हणते, ‘‘मोठी झालीस की कळेल.’’ मग मुलं विचारतात कुणाला? वरच्या वर्गातल्या मित्राला, नाहीतर मोबाइलला. मित्राला स्वतःलाच अर्धवट माहीत असतं. आणि मोबाइलवर जे दिसतं, ते पुष्कळदा पैसे मिळवण्यासाठी रचलेलं नाटक असतं. त्यातली शरीरंही खरी नसतात आणि नातीही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाचवी ते सातवीची मुलं माझ्याकडे असतात. म्हणजे नेमकी वयात यायला लागलेली. आज हा धडा आपण इथेच वाचूया. आई-बाबा जवळ असतील तर त्यांनाही हाक मारा. हसू आलं तर हसून घ्या. एकदा हसून झालं, की मात्र नीट वाचायचं, बरं का!

प्रश्नांना उत्तरं देणारे प्राध्यापक

आधी एक खरी गोष्ट सांगते. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे तुम्हाला माहीत आहेत. त्यांचा मुलगा रघुनाथ. जन्म १८८२ चा. मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. एकामागून एक बाळंतपणांनी बायकांची तब्येत खालावते, अज्ञानामुळे लोक नाना आजारांना बळी पडतात, हे त्यांनी पाहिलं आणि १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्या काळात हा विषय उघडपणे काढणं म्हणजे केवढं धाडस! या कामापायी त्यांची कॉलेजातली नोकरी गेली. पण ते थांबले नाहीत. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

या मासिकाकडे वाचकांची पत्रं येत. कुणालाही विचारता येत नाहीत असे प्रश्न लोक त्यात विचारत. समलिंगी आकर्षणाबद्दलचे प्रश्नही त्यांत असत. कर्वे कुणाची टर उडवत नसत, उपदेशही करत नसत. शास्त्र जे सांगतं ते सरळ छापत. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात कुणी मांडली, ठाऊक आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी! लोकांच्या मनात शंका असेल तर तिला शास्त्रीय उत्तर देण्यात अश्लील काय, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. दंड भरून ते पुन्हा लिहायला बसले. १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत मासिक चालू होतं. अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट केला आहे.

कर्व्यांना पत्रं लिहिणारी माणसं मोठी होती. पण प्रश्न लहानांनाही पडतातच की! माझ्या वर्गात कपाटावर बुटांचं एक रिकामं खोकं असतं. त्याला वरून चीर पाडली आहे. प्रश्न लिहायचा, नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी आत टाकायची. दर शनिवारी मुलगे-मुली एकत्र बसतात आणि आम्ही चिठ्ठ्या उघडतो. दरवर्षी हमखास येणाऱ्या काही चिठ्ठ्या आज तुमच्यासमोर उघडते.

चिठ्ठी पहिली : ‘‘सगळ्यांचं झालं, माझंच नाही. मी आजारी आहे का?’’

कुणाची पाळी सुरू झालेली नसते. कुणाचा आवाज फुटलेला नसतो. कुणाची उंची वाढत नसते. आणि याच्या उलट, चौथीतच स्तन वाढायला लागले म्हणून एखादी पोक काढून चालत असते.

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ठरावीक वयात ती अंडाशयांना किंवा वृषणांना निरोप पाठवू लागते, की चला, कामाला लागा. मग तिथे संप्रेरकं तयार होतात आणि शरीर बदलू लागतं. हा निरोप मुलींमध्ये बहुधा ८ ते १३ या वयात निघतो, मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात. म्हणजे एकाच बाकावरच्या दोघांत चार-पाच वर्षांचा फरक असू शकतो आणि दोघंही अगदी ठणठणीत असतात!

मग डॉक्टरांना कधी विचारायचं? मुलीत ८ च्या आधी किंवा मुलग्यात ९ च्या आधी बदल सुरू झाले तर. मुलीत १३ पर्यंत, मुलग्यात १४ पर्यंत काहीच बदल दिसला नाही तर. किंवा १५ वर्षं झाली तरी पाळी आली नाही तर. विचारायचं म्हणजे घाबरायचं नव्हे. दात दुखला तर जातो ना दाखवायला, तसंच.

चिठ्ठी दुसरी : ‘‘पाळीचं रक्त घाण असतं का?’’

ही चिठ्ठी वाचली की काही मुलगे खिडकीबाहेर बघायला लागतात. मी म्हणते, ‘‘इकडे बघा रे. तुमचाही याच्याशी संबंध आहे. तुम्ही वाढलात ते गर्भाशयातच!’’

अंडाशयातून साधारण दर महिन्याला एक अंडपेशी बाहेर पडते. बाळ राहिलंच तर त्याला गादी हवी, म्हणून गर्भाशयाच्या आत मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहिलं नाही, की ते अस्तर थोड्या रक्ताबरोबर योनीमार्गातून बाहेर येतं. हीच मासिक पाळी. ते रक्त आपल्या इतर रक्तासारखंच असतं. दोन ते सात दिवस जातं आणि सगळं मिळून साधारण दोन-तीन मोठे चमचे असतं. सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते. २१ पासून ४५ दिवसांपर्यंत अंतर असू शकतं.

पूर्वी ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला बाजूला बसवत. अजूनही काही घरांत बसवतात. पण पाळीतल्या मुलीचा हात लागला म्हणून लोणचं नासत नाही. नासतं ते ओला चमचा घातल्यानं! पॅड असो की घरचा सुती कपडा, तो चार-सहा तासांनी बदलावा. कपडा साबणानं धुऊन उन्हात वाळवावा. लपवून, दमट ठेवू नये. शाळेत जाता येणार नाही इतकं पोट दुखलं किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

मुलग्यांनो, वर्गातल्या एखादीच्या युनिफॉर्मला डाग दिसला तर काय कराल? हसू नका. जवळच्या मैत्रिणीला हळूच सांगा किंवा आपला स्वेटर द्या कमरेला बांधायला.

चिठ्ठी तिसरी : ‘‘सकाळी उठलो तर चड्डी ओली होती. कुणाला सांगू?’’

मुलींशी निदान आई तरी बोलते. मुलग्यांशी बहुतेक वेळा कुणीच बोलत नाही. म्हणून ही चिठ्ठी लिहिणारा किती दिवस घाबरलेला असेल, याची कल्पना करा.

वयात येताना मुलग्यांच्या वृषणात शुक्रपेशी तयार होऊ लागतात. कधी कधी झोपेत शिश्नातून वीर्य बाहेर येतं. याला स्वप्नावस्था म्हणतात. हा आजार नाही, कमजोरी नाही आणि तुमचं काही चुकलेलंही नाही. चड्डी धुऊन टाकायची, बस्स. काहींना असं होतं, काहींना होत नाही, दोन्ही ठीक. तसंच, या वयात निम्म्याच्या आसपास मुलग्यांच्या छातीला थोडी सूज किंवा दुखरी गाठ येते. ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते.

रेल्वेलाइनशेजारच्या भिंतींवर ‘गेलेली शक्ती परत मिळवा’ अशा जाहिराती पाहिल्यात ना? शक्ती गेलेलीच नसते, तर परत कुठून मिळवणार? जातात ते पैसे!

चिठ्ठी चौथी : ‘‘माझा दादा स्पेशल शाळेत जातो. त्यालाही हे शिकवायचं?’’

हो, नक्की शिकवायचं! दादा वाचायला उशिरा शिकला असेल, पण त्याला मिसरूड त्याच्या वेळेलाच फुटणार. जी मुलगी चाकाच्या खुर्चीवर येते, तिलाही पाळी येणारच. शरीर कुणालाच वगळत नाही. वगळतो ते आपण.

फक्त शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. ज्याला दिसत नाही, त्याच्या हातात मातीचं किंवा कापडाचं मॉडेल द्यायचं. जिला ऐकू येत नाही, तिला खुणांच्या भाषेत अवयवांची नावं शिकवायची. ज्याला समजायला वेळ लागतो, त्याला चित्रं दाखवून छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगायचं : दार लावायचं, मग कपडे बदलायचे. बाहुलीला पॅड लावून दाखवलं की मुली चटकन शिकतात. आंघोळीला, कपडे घालायला ज्यांना दुसऱ्याची मदत लागते, त्यांना तर हे शिक्षण जास्तच हवं. मदतीचा हात कुठे संपतो आणि त्रास कुठे सुरू होतो, हे त्यांनाही ओळखता यायला हवं ना?

चिठ्ठी पाचवी : ‘‘मला सगळे बायल्या म्हणतात.’’

ही चिठ्ठी मी वाचते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. कारण म्हणणारे तिथेच बसलेले असतात.

एखाद्या मुलग्याला रांगोळी आवडते. एखादीला केस बारीक कापून कबड्डी खेळायची असते. ही झाली आवड. तिच्यावर मुलग्याचा किंवा मुलीचा शिक्का कशाला मारायचा?

दुसरी गोष्ट आकर्षणाची. मोठं होताना बऱ्याच मुलग्यांना मुली आवडू लागतात, बऱ्याच मुलींना मुलगे. काही मुलग्यांना मुलगे आवडतात, काही मुलींना मुली. काहींना दोघंही आवडतात, तर काहींना कुणाबद्दलच तसं काही वाटत नाही. समलिंगी आकर्षण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी ते आजारांच्या यादीतून काढून टाकलं. दोन सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं असं नातं गुन्हा नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला.

तिसरी गोष्ट स्वतःच्या ओळखीची. जन्मल्यावर ‘मुलगा झाला’ म्हणून पेढे वाटले, पण त्या मुलाला आतून आपण मुलगी आहोत असं वाटतं; किंवा याच्या उलट. अशा व्यक्तींना ट्रान्सजेंडर म्हणतात. त्यांना आपली ओळख स्वतः सांगण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केलं. त्या प्रकरणात न्यायालयात गेलेल्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या गौरी सावंतही होत्या. काही बाळांचं तर शरीरच जन्मतः पूर्णपणे मुलीचं किंवा मुलग्याचं असं नसतं. त्यांना इंटरसेक्स म्हणतात.

यातलं काही तुम्हाला स्वतःबद्दल वाटत असेल, तर आजच काही ठरवायची घाई नाही आणि घाबरायचंही कारण नाही. तुम्ही एकटे नाही. आणि कुणी विश्वासानं तुम्हाला असं काही सांगितलं, तर ती गोष्ट त्याची आहे. ती वर्गभर करायची नाही.

चिठ्ठी सहावी : ‘‘नावडता स्पर्श करणारा ओळखीचाच असला तर?’’

तरीसुद्धा ‘नको’ म्हणायचं. तरीसुद्धा सांगायचं. काका असो, शेजारी असो, शिकवणीचे सर असोत की वयानं मोठी एखादी ताई. तुमच्या छातीला, शिश्नाला, योनीला किंवा पार्श्वभागाला कुणी हात लावला, स्वतःच्या शरीराला लावायला सांगितला, नको ती चित्रं दाखवली किंवा मोबाइलवर तुमचे तसले फोटो मागितले, तर ती चूक त्या माणसाची. तुमची नव्हे. ‘‘हे आपलं गुपित हं,’’ असं कुणी म्हटलं, की समजायचं, हे सांगायलाच हवं. भीतीनं त्या वेळी ओरडता आलं नाही, तरी नंतर सांगता येतं. आठवड्यानं, वर्षानंही सांगता येतं. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं.

एका वर्षी अशी चिठ्ठी आली, तेव्हा मी वर्गाला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘‘हा आठवडाभर शाळा सुटल्यावर मी तासभर वर्गातच बसणार आहे.’’ तिसऱ्या दिवशी एक मूल दारात येऊन उभं राहिलं. कोण, काय झालं, ते मी सांगणार नाही. ती गोष्ट त्या मुलाची आहे. पुढे कायद्याप्रमाणे जे करायचं ते झालं आणि ते मूल आता सुरक्षित आहे. एवढंच सांगते, की त्याला जे झालं ते नेमकेपणानं सांगता आलं, कारण अवयवांची खरी नावं त्याला वर्गात शिकवलेली होती. नाहीतर ‘तिथे... ते...’ यापलीकडे ते जाऊ शकलं नसतं.

आपल्या देशात २०१२ पासून ‘पॉक्सो’ नावाचा कायदा आहे. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. मुलगा, मुलगी असा भेद त्यात नाही. असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं मोठ्या माणसांवर बंधनकारक आहे. आणि त्या मुलाचं नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही.

आई-बाबा, आता थोडं तुमच्याशी

तुमच्या मनातली भीती मला कळते. मीही पालकसभा घेते. ‘‘बाई, हे सगळं आत्ताच सांगितलं तर मुलं बिघडतील,’’ असं तुम्ही म्हणता. २००७ साली याच भीतीपोटी महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. पण युनेस्कोनं देशोदेशीचे अभ्यास तपासून २००९ साली आणि पुन्हा २०१८ साली मार्गदर्शिका काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की योग्य वयात, योग्य रीतीनं दिलेल्या लैंगिक शिक्षणामुळे मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. उलट जास्त जपून वागतात.

न सांगण्याची किंमतही बघा. २००७ मध्येच केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. आणि अशा मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते! आपण मात्र फक्त मुलीला जपतो आणि मुलाला ‘पोरगा आहे, त्याला काय होतंय’ म्हणून सोडून देतो.

म्हणून चार गोष्टी करा. लहानपणापासून अवयवांना टोपणनावं न ठेवता खरी नावं सांगा. मुलानं जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्या. माहीत नसेल तर ‘शोधून सांगतो’ म्हणा. पाळीबद्दल मुलालाही सांगा आणि बाबांनीही सांगा. आणि मूल काही सांगायला आलं, तर ‘‘तू तिथे गेलासच कशाला?’’ हे पहिलं वाक्य नसावं. ‘‘सांगितलंस ते बरं केलंस’’ हे असावं.

या आठवड्याचा गृहपाठ

मुलामुलींनो, आता वही घ्या. शेवटच्या पानावर एका खाली एक तीन मोठ्या माणसांची नावं लिहा. काहीही झालं तरी ज्यांना सांगता येईल अशी. त्यांतलं एक तरी नाव घराबाहेरचं असू द्या : शाळेतल्या बाई, आत्या, मैत्रिणीची आई, कुणीही. त्या तिघांना जाऊन सांगा, की मी तुमचं नाव लिहिलं आहे.

त्याखाली १०९८ हा नंबर लिहा. हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सल्ला केंद्रं असतात. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ असं छान नाव आहे. आपल्या जवळचं केंद्र कुठे आहे, ते आशाताईंना विचारा आणि तेही लिहून ठेवा.

आणि हो, वर्गात बुटांचं एक रिकामं खोकं ठेवता येईल का, हे आपल्या बाईंना नाहीतर सरांना नक्की विचारा.